पाण्यातून बाहेर यायची परीक्षा



महिनाभर कुठं गायब होतो, असं बऱ्याच जणांनी विचारलं. कुणी निवडणुकीचा अंदाज बांधला, कुणी आजारपणाचा. तसलं काही नाही. नेदरलँडला होतो. चुलत भाऊ तिकडं आयटीत नोकरीला आहे. त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, वयाच्या शहात्तराव्या वर्षी एकट्यानं विमानात बसायचं नव्हतं. "तू येतोस का सोबत, तिकीट मी काढतो," असं भाऊ म्हणाला आणि आम्ही डाळजवरून निघालो. १८ एप्रिलला गेलो, १७ मे रोजी परत आलो.

ट्युलिपच्या बागा बघितल्या. सुंदर आहेत. फोटो तुम्ही सगळ्यांनी हजारदा बघितलेत, त्यामुळं ते सोडतो. पवनचक्क्याही बघितल्या. मला सांगायचंय ते पाण्याबद्दल आहे. महिनाभर जिथं जाऊ तिथं पाणीच आडवं येत होतं आणि प्रत्येक वेळी मला आणि अण्णांना आपली उजनीच आठवत होती.

भाऊ राहतो त्या गावाचं नाव आल्मेरे. गाव कसलं, सव्वादोन लाखांच्या आसपास वस्तीचं शहर आहे. पण तिथं पहिली घरं झाली १९७६ साली. त्याआधी काही वर्षं ती जागा पाण्याखाली होती. मूळचा समुद्राचा फाटा. १९३२ ला ३२ किलोमीटरचा बांध घालून त्यांनी तो तोडला, मग आतलं पाणी टप्प्याटप्प्यानं उपसून जमीन काढली. आल्मेरेची जमीन १९६८ ला कोरडी झाली.

आता आपल्याकडचा हिशोब लावा. उजनीचं काम सुरू झालं १९६९ ला, धरण पूर्ण झालं १९८० ला. म्हणजे जगाच्या एका टोकाला माणसं पाण्यातून जमीन वर काढत होती, त्याच वर्षांत इकडं आमची भीमेकाठची काळीभोर जमीन पाण्यात चालली होती. आणि पन्नास वर्षांनी त्याच बुडालेल्या रानाच्या मालकाचा नातू, त्या वर आलेल्या रानावर घर घेऊन राहतोय. अण्णांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते भावाच्या अंगणातली माती चिमटीत घेऊन बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "शिंपल्या आहेत रे हिच्यात." खरंच होत्या.

तिकडं सायकल सगळेच चालवतात. अण्णांना तीनचाकी मिळाली भाड्यानं. एका रविवारी आम्ही आल्मेरेहून लेलिस्टाडच्या बाजूला समुद्रबांधावरून निघालो. डाव्या हाताला मोठं तळं, उजव्या हाताला शेतं आणि पाणथळ. पाचेक किलोमीटर गेल्यावर लक्षात आलं की डावीकडचं पाणी उजवीकडच्या जमिनीपेक्षा वर आहे! म्हणजे गाई चरताहेत त्या पाण्याच्या पातळीच्या खाली. बांध फुटला तर काय, हा पहिला प्रश्न अण्णांचा. वाटेत भलंमोठं पंपघर लागलं. आतल्या जमिनीतलं पाणी उपसून वर तळ्यात टाकायचं काम ते करतं. ते बंद ठेवून चालत नाही. बंद ठेवलं तर पाणी हळूहळू घरात येणार.

हे सगळं बघतं कोण? तर जलमंडळ. पूर्ण देशात अशी २१ मंडळं आहेत, आणि ही पद्धत तेराव्या शतकापासून चालत आली आहे. आपल्याकडं देवगिरीला यादव होते तेव्हापासून. मंडळाचा वेगळा कर घराघरातून घेतात आणि त्याच्या सभासदांची चार वर्षांनी निवडणूक होते. होय, पाण्यासाठी वेगळं मतदान. मी पत्रकार माणूस, मला हे ऐकून बांधावरच बसावंसं वाटलं. आपल्याकडं आवर्तन कधी सुटणार हे कालवा सल्लागार समितीत ठरतं आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. पाणी वापर संस्थांचा कायदा आपणही २००५ ला केला, किती गावांत त्या संस्था चालू आहेत ते तुम्हीच सांगा. २०२१ ला उजनीच्या पाच टीएमसीवरून इंदापूर विरुद्ध सोलापूर जे रणकंदन झालं ते मी कव्हर केलंय. त्यात एकाही शेतकऱ्याला मत विचारल्याचं मला आठवत नाही. घोषणा द्यायला मात्र बोलावलं होतं. असो.

तिथून जवळच पाणथळ आहे, औस्टफार्डर्सप्लासन. नाव म्हणता म्हणता जीभ दुखते. जमीन काढताना हा खोलगट भाग ओलाच राहिला. कारखान्यांसाठी ठेवला होता, पण तोवर पक्ष्यांनी कब्जा केला. मग सरकारनं पक्ष्यांचाच ठेवला. लाकडी लपणघरं आहेत, आत बसायचं आणि फटीतून बघायचं. मला तिथं चमचा दिसला. आपल्या कुंभारगावला दिसतो तोच, चपट्या चोचीचा. परदेशात गाववाला भेटावा तसं झालं.

त्याहून मोठी गंमत पुढं आहे. भाऊ म्हणाला, फ्लेमिंगो बघायला जाऊ. म्हटलं, अरे आम्ही भिगवणवरून आलोय, आम्हाला फ्लेमिंगो काय दाखवतोस! तरी गेलो. नेदरलँडची हद्द ओलांडली की लगेच जर्मनीत एक तळं आहे, झ्विलब्रोक नावाचं. हद्द कधी ओलांडली ते कळलंही नाही, टोलनाका नाही की पोलीस नाही. तिथं लाकडी मनोऱ्यावर चढलो आणि समोर अग्निपंख. मोजकेच, आपल्यासारखे थवेच्या थवे नाहीत. कुठल्यातरी पाळीव संग्रहातून निसटलेल्या पक्ष्यांची ही पिलावळ, असं मानतात. पण जगात सगळ्यात उत्तरेला फ्लेमिंगो अंडी घालतात ते इथं. थंडीत ते नेदरलँडच्या समुद्रकाठी जातात. त्या तळ्यात त्यांना खायला मिळतं ते कुरवांमुळं. हजारो कुरव तिथं घरटी करतात, त्यांच्या विष्ठेनं पाणी सकस होतं, त्यात बारीक जीव वाढतात आणि ते खाऊन फ्लेमिंगो जगतात.

म्हणजे घाणीवरच, असं अण्णा म्हणाले. मग आपल्या उजनीत तर पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सगळं सांडपाणी येतंय, आपले फ्लेमिंगो किती सुखात असतील! हसण्यावारी नेलं, पण उन्हाळ्यात हिरवं पडणारं पाणी ज्यांनी पंपानं पिकाला दिलंय त्यांना ते हसू कळेल.

एक दिवस शोकलांड म्हणून ठिकाणी गेलो. हे अण्णांसाठी मुद्दाम शोधलं होतं. एकेकाळी हे समुद्रातलं बेट. लाटा दरवर्षी कड खात होत्या. शेवटी १८५९ ला राजानं हुकूम काढला की बेट सोडा. सहाशेहून जास्त माणसं घरं मोडून, सामान होडीत भरून निघाली आणि किनाऱ्यावरच्या गावांत विखुरली. पुढं ऐंशी-एक वर्षांनी, १९४२ ला, भोवतालचा समुद्रच उपसून टाकला. आता ते बेट शेतांच्या मधोमध उभं आहे. एक चर्च, थोडी घरं, संग्रहालय. जुन्या बंदराची लाकडं गवतात उभी आहेत. युनेस्कोच्या यादीत १९९५ पासून.

अण्णा काठी टेकून त्या कोरड्या बंदरावर उभे राहिले. म्हणाले, "यांचं बेट जमिनीवर आलं, आपलं पळसदेव पाण्यात गेलं." धरण मायनसमध्ये गेलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, मग आपण पूजा करतो, रील काढतो, वर्तमानपत्रात फोटो देतो. मीही दिले आहेत. पण उठलेल्या गावांत कोण राहत होतं, कुणाची किती जमीन होती, कुठं गेले, हे एका ठिकाणी लिहून ठेवलेलं आपल्या तालुक्यात कुठं बघायला मिळेल? शोकलांडच्या संग्रहालयात सोडून गेलेल्या कुटुंबांची आडनावं आहेत. त्यांचे वंशज आजही येऊन बघतात. अण्णांच्या पिढीची माणसं आता बोटावर मोजण्याइतकी राहिली. भिगवणपासून इंदापूरपर्यंत ज्यांच्या घरात अशी म्हातारी माणसं आहेत, त्यांनी मोबाईलवर का होईना, बोलतं करून ठेवा. त्यावर वेगळं लिहीन.

मधल्या काळात राजाचा वाढदिवस झाला. २७ एप्रिलला असतो, २०२५ ला रविवार आला म्हणून आदल्या दिवशी केला. सगळा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर. पोरं फुटपाथवर चादर टाकून जुनी खेळणी विकतात. त्या एका दिवशी विनापरवाना विकायची मुभा असते. अण्णांनी अर्ध्या युरोला प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर घेतला, नातवासाठी म्हणून. ४ मे रोजी संध्याकाळी आठ वाजता उलटं चित्र. युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता. आम्ही रस्त्यात होतो, समोरची सायकलवाली बाई पाय टेकून थांबली, गाडीवाला थांबला. २०२५ ला त्यांच्या मुक्तीला ८० वर्षं झाली. आम्स्टरडॅमचं मोठं संग्रहालयही बघितलं, रेम्ब्रांटचं १६४२ चं ते भिंतीएवढं चित्र बघितलं, आणि खरं सांगू का, माझे पाय दुखत होते.

त्याच आम्स्टरडॅमला रेल्वे स्टेशनच्या मागं गेलं की खाडी आहे. पलीकडं जायला बोट. अण्णा खिशात हात घालून तिकीट खिडकी शोधायला लागले. तिकीटच नाही. सरकारी वाहतूक कंपनीची बोट, पायी आणि सायकलवाल्यांना फुकट, रात्रीसुद्धा चालू. बोटीचं तोंड फळीसारखं खाली पडतं, माणसं सायकलीसकट चालत आत जातात. लाइफ जॅकेट कुणी घालत नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर म्हणाल तिकडचं सगळंच छान सांगतोय. पण ती बोट रुंद, कठडेवाली, आणि चालवणारा परीक्षा दिलेला. पाच मिनिटांत पलीकडं. अण्णा तीनदा गेले-आले. चौथ्यांदा निघाले तेव्हा मी अडवलं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तिथं येतो.

पुतणी सहा वर्षांची आहे. १० मे रोजी तिची पोहण्याची परीक्षा होती. तिकडं पोरांना चार-पाच वर्षांचं झालं की पोहायला घालतात, आणि ए, बी, सी असे तीन डिप्लोमा असतात. कायद्यानं सक्ती नाही. पण दारात कालवा असलेल्या देशात बहुतेक आईबाप ते करतातच. स्वस्त नाही, डिप्लोमा हातात येईपर्यंत शेकडो युरो जातात. ऐपत नसलेल्या घरातल्या पोरांना मदत करायची सोय आहे.

तलावावर आज्या-आजोबा फुलं घेऊन आलेले. मला वाटलं, पोरं पोहण्याच्या पोशाखात येतील. तर ओळीनं आली ती टी-शर्ट, पँट आणि पायात बूट घालून! मी भावाला विचारलं, कपडे बदलायचे राहिले का? तो म्हणाला, "दादा, पाण्यात पडणारा माणूस काय कपडे बदलून पडतो का?"

शिट्टी झाली. कपड्यासकट, बुटासकट उडी. मग एका जागी हातपाय मारत तरंगून दाखवायचं. मग पोहत जायचं, वाटेत आडवं काहीतरी टाकलेलं असतं त्याच्या खालून निघायचं. आणि शेवटी कुणाचा हात न धरता स्वतः काठावर चढायचं. ओले कपडे, बूट पाण्यानं जड झालेले. दोन पोरांना ते जमेना, पुन्हा पुन्हा घसरत होती. शिक्षिका वाकून बघत होती, पण हात देत नव्हती. कपडे काढल्यावर मग पन्नास मीटर पोटावर, पन्नास मीटर पाठीवर, आणि पाण्याखाली सोडलेल्या ताडपत्रीच्या भोकातून पार व्हायचं. पण माझं लक्ष त्या काठावर चढण्यातच अडकलं होतं. बाहेर येणं हासुद्धा परीक्षेचा भाग आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

पुतणी पास झाली. अण्णांच्या डोळ्याला पाणी. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला कळाशीचा काठ दिसत होता.

२१ मे २०२४. कुगाववरून कळाशीकडं येणारी बोट संध्याकाळी वादळात उलटली. सात जण होते. एक पोलीस अधिकारी पोहून काठाला आले, सहा गेले. त्यात एकाच घरातले आईबाप आणि त्यांची दोन लहान लेकरं. अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. एनडीआरएफचे जवान पुढचे दिवस शोध घेत होते आणि मी काठावर उभा राहून बातम्या देत होतो. करमाळ्याची बाजू आणि इंदापूरची बाजू, मधे फक्त पाणी. रस्त्यानं जायचं तर मोठा वळसा. लग्न, दवाखाना, पाव्हणेरावळे, सगळं बोटीवर. पुढं शिरसोडी-कुगाव पुलाला मंजुरी मिळाली, चांगलं झालं. पण पूल व्हायला वर्षं लागतात आणि बोट उद्या सकाळीही निघणार आहे.

त्या आठवड्यात लाइफ जॅकेटची सक्ती, बोटींची तपासणी, परवाने यावर सगळे बोलले. मी परत आल्यावर, अपघाताला वर्ष झालं त्याच आठवड्यात, वेगवेगळ्या काठांवर चक्कर मारली. कुणाला अडचणीत आणायचं नाही म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. एका बोटीत चार जॅकेट होती, बसायला उशी म्हणून वापरलेली. बोटवाल्यानं सांगितलं, "घाला म्हटलं की लोक हसतात, बायका म्हणतात साडीवर कसं घालू." त्याचंही खोटं नाही.

अण्णांच्या पिढीला भीमेनं पोहायला शिकवलं. माझ्या पिढीला विहिरीनं. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा, नंतर ट्रॅक्टरची ट्यूब आली, आणि कुणीतरी काका मागून ढकलायचा. पण ढकललं फक्त पोरांना. आमच्या बहिणींना, आयांना कुणी कधी ढकललं नाही. आता पोरांनाही नाही. विहिरीला जाळी आली, बोअर आले, पोरगं शाळेच्या गाडीतून जातं नि घरात मोबाईल घेऊन बसतं. चार पावलांवर ११७ टीएमसीचं धरण, आणि काठावरच्या गावातली बहुतेक पोरं-पोरी पोहता न येणारी. भोई समाजाची पोरं सोडा, ती मासळीच्या होडीतच मोठी होतात. पक्षी दाखवायला पुण्या-मुंबईच्या लोकांना नेतात तीच.

मला माहीत आहे खाली काय लिहिलं जाणार. "चार दिवस परदेशात राहून आले की इथलं वाईट दिसतं." तर सांगतो. त्या देशातही १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री बांध फुटून १८३६ माणसं बुडाली होती. त्यानंतर त्यांनी दक्षिणेच्या किनाऱ्यावर पुन्हा बांध, दरवाजे घातले, कामाला चाळीसेक वर्षं गेली. आणि त्यांच्या नद्या-कालव्यांचं पाणीही खता-औषधांनी खराबच आहे, युरोपच्या मापात ते नापास होतात आणि त्यावर तिथं भांडणं चालू आहेत. शिवाय थंड सँडविचवर दुपार काढणारी माणसं ती. अण्णा तर दुसऱ्या आठवड्यात भाकरीसाठी रुसले.

आलो आणि आठवड्यातच आपल्याकडं मे महिन्यात पावसानं जे झोडपलं ते तुम्ही भोगलंच आहे. ओढे वाहिले, शेततळी भरली. मला भीती आहे ती याचीच. इंदापूर-बारामती पट्ट्यात शेततळं नाही असं शिवार सापडत नाही. सगळ्यांना प्लॅस्टिकचा कागद. उतार तिरका, कागदावर शेवाळ. पडलेला माणूस पोहणारा असला तरी बाहेर येऊ शकत नाही, पाय ठरत नाही, नखानं धरायला काही नसतं. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, दोघेही जातात. या बातम्या मी इतक्यांदा लिहिल्या आहेत की मथळा पाठ झालाय. आणि शाळा सुरू व्हायला अजून दिवस आहेत, पोरं रानात मोकळी आहेत.

म्हणून दोन कामं. पहिलं माझं. येत्या ग्रामसभेसाठी लेखी विषय देतोय: काठावरच्या प्रत्येक बोटीत माणसागणिक जॅकेट, लहान मुलांच्या मापाचीही, आणि ती घातल्याशिवाय बोट सुटू नये. पुढच्या उन्हाळी सुट्टीत मुला-मुलींसाठी पोहण्याचा वर्ग. मुलींसाठी शिकवणारी बाई. पैसे कुठून, तर ग्रामपंचायतीच्या निधीतून किंवा लोकवर्गणीतून. दहा हजार मी मिळवून देतो, बाकी गावानं बघावं. शेजारच्या गावांतल्या मित्रांना मसुदा हवा असेल तर मागा, पाठवतो.

दुसरं काम ज्याच्या रानात शेततळं आहे त्याचं. बांधावर चारी कोपऱ्यांना पहार ठोका, मजबूत गाठींचा दोर बांधून पाण्यापर्यंत सोडा. दोराच्या टोकाला तेलाचा रिकामा कॅन झाकण लावून बांधा, म्हणजे तो तरंगत राहील आणि दिसेल. जुनी ट्रॅक्टरची ट्यूब असेल तर फुगवून दोरीला अडकवून ठेवा. कुंपणाची जाळी निघाली असेल तर ती बांधा. घरातल्या बाया-पोरांना तो दोर कुठं आहे ते नेऊन दाखवा. अण्णांनी आमच्या शेततळ्याला परवाच चार दोर बांधले, मग मला म्हणाले, उतर आणि चढून दाखव. दुसऱ्या खेपेला जमलं. गाठी हात-हात अंतरावर हव्यात, लांब मारल्या तर पाय पुरत नाही.